झूम लेन्स डोंगर जवळ आणत नाही

राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याचा फोटो काढला की तक्रार ठरलेली, समोर केवढा दिसत होता आणि फोटोत एवढासा आला. मग कोणीतरी सांगतं मोठी झूम लेन्स घे, ती मागचा डोंगर ओढून जवळ आणते, त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. परवा ट्रेकच्या ग्रुपवर परत हेच वाचलं आणि राहवलं नाही, कारण लेन्स असलं काही करतच नाही, करतं ते अंतर.

वस्तू किती मोठी दिसणार हे तिच्या कोनावर ठरतं, आणि लहान कोन म्हणजे उंची भागिले अंतर (उत्तर रेडियनमधे, ५७ ने गुणलं की अंश). तोरणा इथून सरळ रेषेत साधारण ७ किलोमीटर, खालच्या दरीपासून धरा ७०० मीटर उंच. भागाकार ०.१, म्हणजे जेमतेम ६ अंश. मोबाइल आडवा धरला की वरपासून खालपर्यंत त्याला ५० एक अंश दिसतात, म्हणजे अख्खा प्रचंडगड (तोरण्याचंच दुसरं नाव) फ्रेमच्या आठव्या हिश्श्यात! आणि २ मीटरवर उभा असलेला १.७ मीटरचा मित्र? तो एकटाच ४५ अंश खातो.

आता मित्राला तिथेच ठेवून माचीवर मागे जा (वळून नीट बघत चाला, दोन्ही बाजूंना कडा आहे). १७ मीटरवर मित्राचा भागाकारही ०.१, दोघं बरोबरीचे. ५० मीटरवर मित्र २ अंशांचा आणि तोरणा त्याच्या तिप्पट! तोरण्याचं मात्र ७००० चं ७०५० मीटर झालं, एक टक्कासुद्धा फरक नाही. डोंगर वाढला नाही, मित्र आकसला. आता इथून झूम केलं तर लेन्स फक्त मधला तुकडा फ्रेमभर पसरवते. खोटं वाटत असेल तर एकाच जागेवरून एक वाइड (झूम न करता, जास्तीत जास्त भाग घेणारा), एक झूम असे दोन फोटो काढा आणि वाइडचा मधला भाग क्रॉप करा, जरा फुटेल, पण प्रमाण तेच येईल.

वाइडच हवी असेल तर उलटं करा, खाली बसून कारवीची फुलं नाहीतर तटाचा दगड अर्ध्या मीटरवर घ्या आणि त्यालाच मोठं होऊ द्या.

यात १.६१८ चं गोल्डन रेशो (डोळ्याला सगळ्यात सुंदर वाटतं असं म्हणतात ते प्रमाण) कुठेच येत नाही. निसर्गाचं गुपित म्हणून त्याची शंखासारखी सर्पिल वळणं फोटोवर चिकटवतात ना, तो निव्वळ गाजावाजा आहे. फेक्नर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८७६ मधे लोकांना वेगवेगळ्या प्रमाणांचे आयत (चौकोन) दाखवून ते प्रमाण आवडतं असं मांडलं होतं, पण नंतरच्या प्रयोगांमधे ते सातत्यानं दिसलं नाही.

उजेडाचं म्हणाल तर सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं, तोरण्याच्या घळींमधल्या सावल्या दिसतच नाहीत आणि डोंगर चपटा वाटतो. संध्याकाळी सूर्य तिकडे कलला की मधल्या हवेत विखुरलेला उजेड लांबच्या रांगांवर जास्त चढतो आणि मागची प्रत्येक रांग पुढच्यापेक्षा फिकी होत जाते. मागे सरकायची ५० मीटर जागा त्याआधीच शोधून ठेवा.