पार्श्वभूमी: युट्रिक्युलॅरियाच्या पिशव्या आणि केसांचा वाद

युट्रिक्युलॅरिया ही पाण्यात वाढणारी, बारीक जीव पकडणारी वनस्पती; तिच्या छोट्या पिशव्या हेच तिचे सापळे. पण या पिशव्या वनस्पतीला तरंगत ठेवतात, असे समजले जाई. हा समज होण्याचे कारण निरीक्षणाच्या पद्धतीतच होते. फांदी पाण्याबाहेर काढली की पिशव्या उघडून हवा आत ओढतात आणि मग त्यांत बुडबुडे दिसतात. पिशव्या खुडून टाकलेल्या फांद्याही तरंगतात हे 1875 मध्ये छापून आले, तेव्हा तो समज मोडला. तरंगायला पेशींच्या मधल्या पोकळ्यांतली हवा पुरते.

त्याच लेखनात नवी चूक शिरली: भक्ष्य डोके खुपसून पिशवीच्या तोंडावरची झडप ढकलत आत जाते. झडपेवर ठेवलेले निळ्या काचेचे कण अचानक आत गडप झाल्याचीही तिथे नोंद आहे. काच स्वतःहून ढकलत नाही, एवढ्यावरूनच शंका यायला हवी होती. आत पाणी खेचले जाते हे 1911 मध्ये मांडले गेले. भिंतीतल्या ग्रंथी पाणी बाहेर उपसतात, बाजू आत दबतात, आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे 15 किलोपास्कलने घटतो. झडप उघडताच पाणी भक्ष्यासकट आत येते आणि बाजू फुगतात.

खरा वाद झडपेवरच्या केसांचा. एका बाजूचे म्हणणे, केस संवेदनशील असून स्पर्शाचा संकेत पाठवतात. दुसऱ्या बाजूचे, ते नुसती तरफ आहेत, ताणलेली झडप त्यांच्या हलण्याने आत वळते आणि निसटते. दशकानुदशके दोन्ही बाजू एकाच पुराव्यावर भांडल्या, कारण डोळ्याला फक्त आधी आणि नंतर एवढेच दिसे. 2011 च्या सुमारास अतिवेगवान चित्रण झाले. झडप मिलिसेकंदाच्या आत उघडते हे दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणी न शिवताही काही तासांनी सापळा आपोआप सुटतो. म्हणजे झडप सुटायला स्पर्शाचा संकेत लागतोच असे नाही. तरफवाल्यांचे पारडे यामुळे जड झाले, आणि ते योग्यच. श्वसन रोखणारे रसायन घातले तर उपसा बंद पडतो, म्हणजे ऊर्जा लागते ती सापळा चढवायला, पाणी उपसून तो पुन्हा सज्ज करायला.

स्वतः पाहायचे तर फांदी पूर्ण बुडालेली ठेवावी. आत दबलेल्या बाजूंची पिशवी भिंगाखाली निवडून बारीक केसाने झडपेला शिवावे. फुगलेली निवडली तर काहीच होत नाही. एकदा सुटलेली पिशवी पुन्हा चढायला 15 ते 30 मिनिटे लागतात, त्याआधी शिवून ‘मेली’ म्हणू नये.

बहुतेक पिशव्यांत शिकारीपेक्षा शैवाल आणि सूक्ष्मजीवच जास्त सापडतात, त्यामुळे ‘मांसाहारी’ म्हणायचे किती, यावर आता चर्चा आहे.