गोळ्यांनी पिशवी सुकत नाही

तासगाव-मिरजेकडे लग्नघरात माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल हमखास मिळणारा सल्ला: "माला-एन जास्त दिवस घेऊ नको गं, पिशवी सुकते. मधे तीन महिने सोड." हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याचा दुसरा भाग तर नको असताना दिवस राहायला कारणीभूत ठरतो.

या गोळ्या गर्भाशयाला सुकवत नाहीत. त्यातली दोन संप्रेरकं मेंदूकडून बीजकोषाला जाणारा इशारा थांबवतात, त्यामुळे बीज बाहेर पडत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, शुक्राणू अडतात. गोळी बंद केली की काम पुन्हा सुरू. बहुतेकींना काही महिन्यांतच पाळीचं चक्र पूर्ववत होतं. मधे 'विश्रांती' लागत नाही.

आशाताई देतात त्या पाकिटात २८ गोळ्या असतात: २१ पांढऱ्या संप्रेरकांच्या, ७ काळपट लोहाच्या. काळपट चुकली तर बिघडत नाही, फक्त नवं पाकीट वेळेवर सुरू करा. पांढरी एक चुकली तर आठवताक्षणी घ्या. दोन किंवा जास्त चुकल्या तर पुढचे सात दिवस निरोधही वापरा.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती कुणी सांगत नाही. रक्तदाब जास्त, पूर्वी रक्ताची गुठळी, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर धूम्रपान, बाळ सहा महिन्यांच्या आतलं नि अंगावर पिणारं: यांनी या गोळ्या टाळाव्यात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर कमी होतो. पोटरी एकाएकी सुजून दुखली किंवा धाप लागली, तर थेट दवाखाना गाठा.