श्वान-सुरक्षित झाडे : नाशिक परिसर

श्वान-सुरक्षित झाडे : कुत्र्याने पान, फूल, फळ, बी किंवा मूळ चावले, गिळले तरी ज्यांच्यापासून त्याच्या जिवाला धोका होत नाही अशी घरातली, गच्चीवरची आणि अंगणातली झाडे. सुरक्षित म्हणजे खाण्यासाठी लावलेले नव्हे. कुठलाही पाला पोटभर खाल्ला तर कुत्रा उलटी करणारच. काही झाडांबाबत तेवढ्यावर निभावते, काहींमुळे यकृत, मूत्रपिंड किंवा हृदय निकामी होते. झाड निवडताना हा भेद ओळखायचा असतो.

मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, म्हणत. फुलझाडांची ती हौस शहरात अजून आहे; बंगल्याचे अंगण गेले तर ती फ्लॅटच्या बाल्कनीत आली. दात येण्याच्या वयातले पिल्लू समोर येईल ते चावून पाहते आणि पावसाळ्यात दिवसभर घरात अडकलेला मोठा कुत्रा कुंडी उकरून काढतो. त्यामुळे ‘आमचा कुत्रा झाडांना तोंड लावत नाही’ या भरवशावर झाडे ठेवू नयेत.

निवडीतली सर्वांत मोठी अडचण नावांची आहे. नर्सरीत ‘पाम’ म्हणून मिळणाऱ्या झाडांत अरेका पाम पूर्ण सुरक्षित आहे आणि सायकस, म्हणजेच सागो पाम, कुत्र्यासाठी सर्वांत घातक झाडांपैकी एक आहे. सायकस मुळात पामच नाही. ते सूचिपर्णींना जवळचे, फूल न येणारे प्राचीन झाड आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर चूक होत नाही. अरेकाच्या एका कुंडीत पिवळसर, गुळगुळीत, पेरे असलेल्या बऱ्याच काठ्या उभ्या असतात आणि पाने मऊ, झुकलेली असतात. सायकसचा बुंधा एकच, जाड आणि खवल्याखवल्यांचा; त्यावर पानांचा गोल मुकुट. पान हाताला ताठ लागते आणि प्रत्येक पर्णिकेचे टोक सुईसारखे टोचते. सायकसचा प्रत्येक भाग विषारी असला तरी जुन्या मादी झाडाला येणाऱ्या केशरी-लाल बिया सर्वाधिक घातक; एकदोन बियाही जिवावर बेततात. आधी उलट्या होतात, मग एखादा दिवस कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि दोनतीन दिवसांत कावीळ दिसू लागते, कारण सायकासिन या द्रव्याने तोवर यकृत जाळलेले असते. उपचार होऊनही अनेक कुत्री वाचत नाहीत. कुत्रा असलेल्या घरात सायकस असूच नये. उंचावर ठेवणे हा त्यावर उपाय नाही, कारण बी खाली पडते.

हाच घोळ इतर नावांचाही. खरा बांबू निर्धोक, पण काचेच्या भांड्यात पाण्यात वाढवतात तो ‘लकी बांबू’ म्हणजे बांबू नव्हे, ड्रसीना नावाचे वेगळेच झाड आहे आणि त्याने उलट्या, लाळ, सुस्ती येते. बॉस्टन फर्न चालते. ‘अस्पॅरॅगस फर्न’ शतावरीच्या कुळातले असून त्याची लाल फळे पोट बिघडवतात. पीस लिली ही लिली नव्हे, ती अळूच्या कुळातली.

अळूचे कूळ मराठी घराला समजावून सांगावे लागत नाही. खाजरे अळू नीट शिजले नाही, चिंच कमी पडली, की घसा कसा खवखवतो हे प्रत्येकाला माहीत आहे. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते तोंडाच्या आतल्या त्वचेत रुततात. मनी प्लांट, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, फिलोडेन्ड्रॉन, सिंगोनियम, कॅलेडियम ही सगळी याच कुळातली. कुत्र्याने डिफेनबेकियाचा देठ चावला की काही क्षणांत तो पंजाने तोंड घासू लागतो, लाळेची तार लोंबते, जीभ सुजते. सहसा जीव जात नाही, पण घशाला सूज आली तर श्वास अडतो. ही झाडे टांगत्या कुंडीत चालू शकतात, मात्र मनी प्लांटची वेल जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये.

अंगणातल्या झाडांचा प्रश्न जास्त नाजूक आहे, कारण त्यातली अनेक देवासाठी लावलेली असतात. कण्हेर, पिवळ्या फुलांची बिट्टी आणि मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई, या तिन्हींत हृदयाची लय बिघडवणारी द्रव्ये असतात. महादेवाला वाहतात त्या धोतऱ्याने कुत्र्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते, तो भ्रमिष्टासारखा वागतो. ही झाडे उपटून टाका असे कुणाला सांगणे सोपे नाही आणि गरजेचेही नाही. कुत्र्याचा वावर नसलेल्या बाजूला, कुंपणाबाहेर ती लावावीत आणि निर्माल्य उघड्या ढिगात ठेवू नये. वाळली तरी कण्हेरीची पाने विषारीच राहतात. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगरांत पावसाळ्यात फुलणारी कळलावी दिसायला देखणी; पण तिच्या कंदात कोल्चिसिन हे विष असते आणि उकरण्याची सवय असलेल्या कुत्र्याला तो सहज सापडतो. हौसेने आणून ती अंगणात लावू नये. कुंपणाचा मोगली एरंड आणि साधा एरंड यांच्या बियाही तशाच घातक.

नाशिकच्या बाबतीत मात्र सर्वांत मोठा धोका शोभेच्या झाडांचा नाही. जिल्ह्याचे नाव ज्या दोन पिकांनी झाले, ती द्राक्षे आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षाने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होतात. किती मण्यांनी होतील हे कुत्र्यागणिक बदलते, म्हणून अमुक मणी चालतील असे प्रमाण सांगता येत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा चिंचेचे बोटूकही देऊ नये. बेदाण्यात पाणी उडालेले असल्याने थोडक्या वजनात जास्त विष जाते. निफाड, दिंडोरीकडे जानेवारीपासून काढणी सुरू झाली की मांडवाखाली गळलेले मणी आणि निवडीत बाजूला टाकलेले घड पडलेले असतात आणि बागेची राखण करणारा कुत्रा तिथेच बसलेला असतो. त्या दिवसांत त्याला बांधावर, मांडवापासून दूर बांधणे आणि पडलेला माल रोज उचलणे एवढेच हातात असते. घराच्या गच्चीवर हौसेने चढवलेल्या द्राक्षवेलीलाही हेच लागू.

कांद्याचे विष सावकाश चढते. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि हिरड्या फिक्या पडणे, धाप, तांबूस लघवी ही लक्षणे काही दिवसांनी दिसतात. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे सुमारे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो. दहा किलोच्या कुत्र्याला दोनतीन कांदे म्हणजे पुष्कळ झाले. शिजवून विष जात नाही, त्यामुळे रश्शातली भाकरीही नको. लसूण वजनागणिक कांद्याहून तीव्र. कांदाचाळीतून निवडून फेकलेला सडका कांदा कुत्र्याच्या वाटेत पडू देऊ नये.

मग लावायचे काय? पर्याय भरपूर आहेत. घरात अरेका पाम, बॉस्टन फर्न, स्पायडर प्लांट, कॅलेथिया, पेपरोमिया, हॉवर्थिया. अंगणात जास्वंद, मोगरा, जाई, जर्बेरा. गुलाबाला विष नाही, काटे आहेत. शेवंतीने पोट आणि कातडी बिघडते, ती आवाक्याबाहेर ठेवावी. कोरफड, पानफुटी, जेड, स्नेक प्लांट आणि अडेनियम मात्र यादीतून वगळावीत. त्यांतली पानफुटी आणि अडेनियम थेट हृदयावर परिणाम करतात. गवत खाण्याची हौस असलेल्या कुत्र्यासाठी पसरट कुंडीत गहू पेरावा. घटस्थापनेला आपण पेरतो तसाच आठवड्याभरात तो हिरवागार होतो आणि कुत्रा दुसऱ्या कुंड्यांकडे फारसा वळत नाही.

झाड सुरक्षित असून कुंडी विषारी असू शकते. एरंडीची पेंड आणि हाडांचे खत यांचा वास कुत्र्याला अन्नासारखा येतो. पेंडीत उरलेले रिसिन हे एरंडाचे विष प्राणघातक ठरू शकते. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी थोड्याच वेळात झटके येऊ लागतात. पाळीव कुत्रा असेल तर शेणखत किंवा गांडूळखत वापरावे आणि गोगलगायी हाताने वेचाव्यात.

कुत्र्याने काही खाल्ल्याचे दिसले तर तोंडातला चोथा काढून तोंड पाण्याने धुवावे आणि वेळ लिहून ठेवावी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. मिठाचीच विषबाधा होते. लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे निघावे आणि जाताना चावलेली फांदी पानाबियांसह पिशवीत घालून सोबत न्यावी. नर्सरीतले नाव अनेकदा चुकीचे असते. पान पाहून डॉक्टरांना झाड ओळखता येते.