सुकडी, माळवद आणि संवाद सहायक

आपल्याकडं पूर आला, गारपीट झाली की दोन दिवसात किट वाटणाऱ्या गाड्या येतात, फोटो निघतात, लोकं म्हणतात संस्थावाले आले. पण संकट यायच्या आधीच गावाची तयारी करून घ्यायची, म्हणजे नुकसानच कमी होईल, हे काम पण संस्था करतात, आणि मराठवाड्यात ते कसं सुरू झालं ते फारसं कुणी सांगत नाही म्हणून जरा मागं जाऊन लिहितोय.

१९७२ चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी म्हणजे भाजक्या पिठाचा गोड खाऊ, आणि बायामाणसं दिवसभर खडी फोडायला. मदत म्हणजे पोट भरणं, बास. त्यातूनच मग रोजगार हमीचा कायदा आला १९७७ ला, पाझर तलाव, नालाबांध झाले, आणि दुष्काळात काम मागायचा हक्क मिळाला. माझ्या मते आपल्याकडं रिस्क कमी करायची पहिली मोठी गोष्ट हीच, फक्त तेव्हा तिला असलं भारी नाव कुणी दिलं नव्हतं.

खरा बदल झाला किल्लारीच्या भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोकं झोपलेली, आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद मिळून आठ हजाराच्या आसपास माणसं गेली. भूकंप काही जगातला सगळ्यात मोठा नव्हता, ६ च्या थोडा वर, मग एवढी माणसं का मेली? तर घरं. दोन-दोन फूट रुंद दगडाच्या भिंती, आतनं एक थर बाहेरनं एक थर, मधी माती आणि बारके दगड कोंबलेले, दोन्ही थर एकमेकाला धरून नाहीतच. आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर फूट-दीड फूट पांढरी माती, दरवर्षी गळती थांबवायला अजून टाकायची. उन्हाळ्यात घर गार राहायचं हे खरं, पण हादरा बसल्यावर सगळं वजन अंगावर. १९९२ च्या ऑक्टोबरात तिथं धक्के बसले होते बरं का, पण सरकारी नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मधी, म्हणून कुणाला तेवढं वाटलं नाही. (तो झोनच पुढं २००२ ला काढून टाकला.)

मग जागतिक बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या, एकेक गाव दत्तक घेतलं, ५२ गावं नव्या जागी बसवली. पेपरात सगळं त्याचंच आलं. पण सगळ्यात मोठं काम मला वाटतं दुसरंच होतं, जी घरं पडली नाहीत पण तडकली, अशी जवळपास दोन लाख घरं जागेवरच दुरुस्त करून मजबूत करायची. त्यात माळवदावरची माती कमी करायची, भिंतीला आरपार भोक पाडून काँक्रीट भरायचं म्हणजे दोन्ही थर बांधले जातात, खांब आणि तुळईला तिरके टेकू. दिसायला काहीच नाही हो! लोकांना नवं आरसीसी घर पाहिजे होतं, आणि दगडाचा धसका एवढा की घर असून बाहेर पत्र्यात झोपायचे. त्यांना पटवणार कोण?

इथं प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली आणि गावोगावच्या बायांना संवाद सहायक केलं. इंजिनिअर काय म्हणतो ते गावाला सांगायचं, गाव काय म्हणतं ते ऑफिसात, शिवाय गवंडी नीट काम करतोय का त्यावर लक्ष. ज्या बाया ग्रामसभेत कोपऱ्यात बसायच्या त्या सिमेंटचा हिशोब मागायला लागल्या, काही गवंड्यांना ते झोंबलंच असणार. २००१ ला भुजला भूकंप झाला तेव्हा ह्याच भागातल्या बाया कच्छला गेल्या तिकडच्या बायांना सांगायला, पुढं त्सुनामीनंतर तामिळनाडूत पण. साहेब लोकांनी दहा वर्कशॉप घेऊन जे जमलं नसतं ते झालं, कारण समोरची पण आपल्यासारखीच पडलेल्या घरातून उठलेली.

२००५ ला आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, कागदावर आराखडे झाले, ते बहुतेक फायलीतच. तोवर आपलं संकट परत दुष्काळच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे सगळ्यांना आठवतं, पण जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव त्याच्या कितीतरी आधीपासून पाणलोटाचं काम करून शेततळ्यांवर द्राक्षं घेत होतं. आणि त्याच संवाद सहायकवाल्या संस्थेनं एक एकर शेतीचं काढलं, बाईनं नवऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचं आणि त्यात ऊस-सोयाबीन न लावता ज्वारी, डाळी, भाजीपाला, कमी पाण्यात. पैशाचं पीक गेलं तरी ताटात काहीतरी राहतं.

आता अडचण वेगळीच झालीय. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा, भूम भागात पूर आला तेव्हा लक्षात आलं, आपली सगळी तयारी दुष्काळाची आणि थोडी भूकंपाची. वीज पडून मरणारे दरवर्षी असतात, वीज पडायच्या आधी इशारा देणारं दामिनी ॲप आहे, पण रानात गुरं राखणाऱ्याकडं तसला फोनही नसतो आणि रेंजही नसते, त्याला हाक मारून आत बोलवायचं काम गावात कुणाकडं दिलेलं नाही.