साइक्स लार्क की मलबार लार्क? तुरा सोडा, छाती बघा

माळरानावरच्या चंडोलांचे फोटो टाकून लोक आयडी विचारतात तेव्हा निम्मी चर्चा तुऱ्यावरच (डोक्यावरच्या पिसांच्या झुपक्यावर) होते, तुरा केवढा, उभा आहे की पडलाय वगैरे. पण तुरा साइक्स लार्क आणि मलबार लार्क या दोन्ही चंडोलांना असतो, दोघंही तो हवा तेव्हा उभा करतात नि हवा तेव्हा पाडतात, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही.

ठरतं ते छातीवरून. मलबार लार्कच्या छातीवर जाड, काळपट, ठसठशीत रेघा असतात आणि त्या संपल्या की खाली पोट बऱ्यापैकी पांढरट. साइक्स लार्कच्या रेघा बारीक, मोजक्याच, आणि छातीपासून पार शेपटीखालपर्यंत सगळा तांबूस बदामी रंग, मध्ये पांढरं जवळपास नाहीच. माझ्या मते आधी रेघा बघाव्यात आणि मग रंग, कारण पिसं झिजली की रंग फिका पडतो, त्यात संध्याकाळच्या उन्हात तर कुठलाही चंडोल तांबूसच दिसतो. म्हणून दगडावर बसलेला पाठमोरा फोटो कितीही सुंदर आला तरी समोरून एक घ्याच.

साइजचं म्हणाल तर साइक्स साधारण १४ सेंमी, चोचही आखूड, आणि मलबार १६ च्या आसपास, पण एकटा पक्षी लांब बसलेला असेल तर हे दोन सेंमी कुणाला कळणार?

जागेची मात्र मदत होते. पुण्याच्या पूर्वेला सोलापूर, नगरकडचे कोरडे, दगडगोट्यांचे, खुरट्या गवताचे माळ हे साइक्सचं घर. मलबार सह्याद्रीच्या बाजूला, जास्त पावसाच्या भागात, सड्यांवर (सपाट कातळी पठारांवर) भेटतो. मधल्या पट्ट्यात दोघंही मिळू शकतात, तिथे नुसत्या लोकेशनवरून नाव देऊन टाकू नका, परत छातीकडेच या.

साइक्स लार्क फक्त भारतातच सापडतो, नाव दख्खनमध्ये राहिलेल्या कर्नल साइक्सवरून, ज्याने १८३२ मध्ये या पक्ष्याचं वर्णन केलं. गाताना तो दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे झुडपावर टिटवी ऐकू आली तर जरा थांबून बघा.

आणि हो, पावसाळ्यात याची घरटी जमिनीवरच असतात, गवताच्या बुंध्याशी नाहीतर दगडाच्या आडोशाला, अजिबात दिसत नाहीत. त्या दिवसांत गाडी रस्त्यावरच ठेवा, प्लीज, माळावर घालू नका.