योवानची पोरं

टेनिसमुळे जोकोविच हे आडनाव आपल्या ओळखीचं झालं. त्यातलं शेवटचं ‘इच’ सर्बियात जागोजागी भेटतं, आणि तिथलं सर्वाधिक लोकांचं आडनाव आहे योवानोविच. त्याची फोड सोपी आहे. योवान हे नाव, ‘ओव’ म्हणजे ‘चा’, आणि ‘इच’ हा लहानपण दाखवणारा प्रत्यय. थोडक्यात, योवानचं पोर. योवानचं मूळ हिब्रू ‘योहानान’. जॉन, इव्हान ही त्याचीच रूपं. गोव्यात सांजांवला विहिरीत उड्या घेतात, त्या ‘सांजांव’मधला जांवही तोच. २००८ साली फ्रेंच ओपन जिंकणारी आना इव्हानोविच अर्थानं योवानोविचच! बाईचं आडनाव म्हणून ‘इच’ बदलत नाही.

पूर्वी हे आडनाव नव्हतंच. ती बापाच्या नावाची खूण होती आणि पिढीगणिक बदलायची. ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या १८०४च्या सर्बियन उठावाचा नेता काराजोर्जे हा पेतारचा मुलगा, म्हणून पेत्रोविच. त्याचे वंशज मात्र काराजोर्जेविच. मला सगळ्यात बोलकी वाटते ती पुढे सर्बियाचा राज्यकर्ता झालेल्या मिलोश ओब्रेनोविचची गोष्ट. त्याचा बाप तेओदोर. ओब्रेन हा आईचा पहिला नवरा. त्या लग्नातला मुलगा मिलान उठावातला वजनदार सरदार होता. मिलोशनं या भावाचं आडनाव घेतलं. अशा रीतीनं एका राजघराण्याला ज्याचं नाव लागलं, त्याच्याशी त्या घराण्याचं रक्ताचं नातंच नव्हतं.

१८५१च्या हुकुमानं सर्बियाच्या संस्थानात आडनावं कायमची ठरली. शेजारच्या, ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राज्यात ती त्याआधीच ठरली होती. तिथल्या नोव्ही सादचा कवी आणि डॉक्टर योवान योवानोविच (१८३३–१९०४) हा अशा गोठलेल्या नावाचा नमुना. त्याचे वडील पावले. जुन्या रीतीनं तो पावलोविच झाला असता. लोक त्याला ‘झ्माय’ म्हणजे ड्रॅगन म्हणून ओळखतात.

योवान गावोगावी होते, त्यामुळे हे आडनावही ठिकठिकाणी स्वतंत्रपणे जन्मलं. मग दोन योवानोविच भाऊबंद आहेत का, हे कळायचं कसं? सर्ब माणूस आधी ‘स्लावा’ विचारतो. स्लावा म्हणजे कुटुंबाच्या रक्षक संताचा दिवस. तो बापाकडून मुलाकडे येतो. २०१४मध्ये युनेस्कोनं या प्रथेला वारशाच्या यादीत घेतलं. एकाकडे २० जानेवारीचा संत योवान आणि दुसऱ्याकडे १९ डिसेंबरचा संत निकोला असेल, तर घराणी बहुधा वेगळी. दोघांकडे निकोलाच असला तर मात्र काही ठरत नाही, इतक्या घरांत त्याची स्लावा असते. तिथून पुढे वाय गुणसूत्र तपासावं लागतं. तेही बापाकडूनच मुलाला मिळतं. मिलोशनं आडनाव बदललं, तरी त्याच्या पेशींतलं ते गुणसूत्र तेओदोरचंच होतं.