धान्यप्रधान आहार आणि दुधाळ शेळीचे पचन

दूध वाढावे म्हणून शेळीच्या खाण्यातला पाला व चारा कमी करून मका, गहू, तांदळाची कणी, भरडा यांचा वाटा वाढवणे म्हणजे धान्यप्रधान आहार. कोरड्या खाद्यात हा वाटा निम्म्याच्या पुढे गेला की पोटावर ताण येऊ लागतो. सुरुवातीला दूध खरोखरच वाढते, आणि म्हणूनच दुखणे उशिरा लक्षात येते.

शेळीच्या चार कप्प्यांच्या पोटात पहिला, सर्वांत मोठा कप्पा कोटीपोटाचा. तिथले जिवाणू व इतर सूक्ष्मजीव चारा आंबवतात; त्यातून तयार होणारी आम्ले भिंतीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांतून रक्तात शोषली जातात. शेळीला लागणारी बहुतेक ऊर्जा हीच. इथला सामू (pH; तो जितका खाली, तितकी आम्लता जास्त) साधारण ६.२ ते ६.८ असतो आणि तो राखण्याचे मोठे काम लाळ करते. जाड पाला चघळताना व रवंथ करताना भरपूर लाळ सुटते, तिच्यात खाण्याच्या सोड्यासारखे क्षार असतात. धान्य चावायला वेळ लागत नाही, त्यामुळे लाळ कमी पडते. शिवाय त्यातला स्टार्च चाऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने आंबतो. आम्ल वाढते आणि त्यावरचा उतारा घटतो, अशी ही दुहेरी मार आहे.

सामू रोज काही तास ५.८ च्या खाली राहू लागला की सौम्य, लपलेली आम्लता सुरू होते. शेळी उभी असते, खाते, पण कधी खाते तर कधी तोंड फिरवते. दुधातले फॅट घसरते. सामू ५ च्या आसपास गेल्यावर मात्र लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू माजतात, अंगातले पाणी कोटीपोटात ओढले जाते, डोळे खोल जातात आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकते.

नुकसान कोटीपोटापुरते राहत नाही. आम्लात मेलेल्या जिवाणूंचे विषारी घटक सुटतात, अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात आणि हे घटक रक्तातून यकृतापर्यंत, खुरांपर्यंत जातात. लंगडणाऱ्या शेळीचा दोष कधी कधी गव्हाणीत सापडतो तो यामुळे. न पचलेला स्टार्च पुढे मोठ्या आतड्यात जाऊन तिथेही आंबतो. तिथले अस्तर कोटीपोटापेक्षा नाजूक, एकाच थराचे, म्हणून लवकर सोलवटते. लहान आतड्यात स्टार्च जास्त पोहोचला की आंत्रविषाराचे, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याच्या रोगाचे, जंतू वाढतात. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी.

कोकणात हा धोका दोन वेळा येतो. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ शेळी इथल्या अतिवृष्टीत टिकणारी, पण झडीच्या पावसात तीही चरायला जात नाही. जुलैत आठ-आठ दिवस गोठ्यात कोंडलेल्या शेळ्यांपुढे ओल्या पाल्याऐवजी कणी-कोंड्याचे घमेले येते. दुसरी वेळ भातझोडणीची. खळ्यातल्या राशीवर सुटलेली शेळी पोटभर भात खाते आणि दुसऱ्या सकाळी दात खात उभी असते. पंगतीतला उरलेला भात तर अधिक घातक, कारण शिजलेला स्टार्च कच्च्यापेक्षा लवकर आंबतो. मायेने पुढे केलेली ती पातेली शेळीला नकोच.

ओळख लेंडीवरून करावी. निरोगी लेंड्या सुट्या, गोळीदार, चकचकीत असतात. धान्य जास्त झाले की त्या एकमेकींना चिकटतात, मग शेणासारखा पो पडतो, त्यात धान्याचे कण दिसतात आणि आंबूस वास येतो. डाव्या कुशीत मूठ दाबून हलवली की आत पाणी डुचमळते. अशा वेळी धान्य बंद करून पशुवैद्याला बोलवावे. घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

खुराक सोडायचा नाही, बेताने द्यायचा. कोरड्या खाद्यात निदान ६० टक्के चारा-पाला असावा. आधी फणसाच्या, उंबराच्या डहाळ्या टांगाव्यात, मग खुराक द्यावा, तोही दोन-तीन वेळांत विभागून. धान्य भरडलेले असावे, पीठ नको. वाढ दोन-तीन आठवडे हळूहळू करावी, कारण सूक्ष्मजीवांना बदलायला तेवढा वेळ लागतो. पावसाळ्यासाठी सुका पाला व पेंढा उन्हाळ्यातच माळ्यावर चढवून ठेवावा.

त्याच गोठ्यातल्या बोकडांकडेही लक्ष हवे: भाताच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असल्याने तो सतत खाणाऱ्या बोकडांना, विशेषतः खच्ची केलेल्यांना, मूतखडा होतो.